भरड राळ

फाल्गुन लागला की मला कुणी काही विचारू नये असं वाटतं. रान उघडं पडतं, पायवाटेवर पाचोळा साचतो आणि त्यातून नुसतं माकड गेलं तरी माणूस आल्यासारखा आवाज होतो. दुपारच्या वाऱ्याला धुराचा वास असतो. कुठं वणवा लागलेला असतो, कुठं कुणी बांधावरचं गवत पेटवलेलं असतं. दिवेलागणीला मांडावरून ढोल ऐकू यायला लागतो. पहिल्या दिवशी अडखळत, कारण वर्षभर आढ्याला टांगलेलं कातडं अजून तापलेलं नसतं. तिसऱ्या दिवशी मात्र खणखणीत. घरादाराला हुरूप येतो आणि मी भिंतीकडे तोंड करून पडतो. बायको म्हणते, "ह्यांचा शिमगा अंथरुणात." गेली कित्येक वर्षं म्हणतेय. आता तिलाही त्यात काही गंमत वाटत नाही.

दुखणं म्हणावं तर दुखणं नाही. ह्या डोंगरात जन्मलेल्या सगळ्यांची असते तेवढीच माझी पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली आहे, आणि हिवताप आता जुन्या पाहुण्यासारखा येऊन जातो, त्याचं मी फारसं मनावर घेत नाही. पण शिमग्याचा थकवा निराळा. तो हाडांत असतो. शाळेत असताना तो मी वह्यांच्या गठ्ठ्यांवर ढकलत असे. आता मास्तरकी सुटली, गठ्ठे गेले, आणि थकवा तेवढा उरला. त्याला कारण आहे. ते मला चांगलं ठाऊक आहे आणि परवापर्यंत मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचं गाव दिग्गीच्या वाटेवरचं, तीस-बत्तीस उंबऱ्यांचं. गावाच्या मधोमध मातीनं सारवलेली मोकळी जागा आहे, तिला आम्ही मांड म्हणतो. शिमग्यात तिथं वाद्यं बसतात, गाणी होतात, सोंगं नाचतात. सगळ्यांत मोठं सोंग राकेसाचं, म्हणजे राक्षसाचं. लाकडाचा मुखवटा, तागाची कंबरेपर्यंत आलेली आयाळ, पायांत चाळ. हा राकेस चालत येत नाही. तो जाळातून येतो. एक माणूस डाव्या हातात दिवटी घेऊन पुढं उभा राहतो, उजव्या मुठीतली राळेची पूड दिवटीच्या ज्योतीवरून उडवतो, भस्सकन माणसाहून उंच जाळ उठतो, आणि तो विझायच्या आत त्यातून राकेस बाहेर पडलेला असतो. बायका पोरांना पोटाशी धरतात. दरवर्षी तोच राकेस, तीच उडी, पण मी अजून कुणाला न दचकता पाहिलेलं नाही. ही दिवटी धरण्याचा मान आमच्या घराचा होता. होता म्हणतो, कारण आता नाही.

ती मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, खानापूरच्या बाजूला एका शाळेवर नुकता लागलेला. पौष सरता सरता तापानं असा काही धरला की हेडमास्तरांनीच मला गाडीत बसवून दिलं. कॅसलरॉकला उतरलो तेव्हा मला फलाट हलताना दिसत होता. माझा चुलतभाऊ नागेशदादा बैलगाडी घेऊन आला होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, अंगानं उभ्या सागासारखा, आणि हसला की लांबून ऐकू यावं असा. त्यानं मला उचलून गवतावर ठेवलं आणि म्हणाला, "मास्तर, तुझ्यापरीस माजी आयाळ जड हाय रं." राकेसाचं सोंग त्याचं होतं. वाटभर तो मला शिमग्याच्या गोष्टी सांगत होता आणि मी ओकत होतो.

त्या हंगामातलं मला आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांनी कानात सतत रातकिडे. ओटीवरच्या घोंगडीचा खरखरीत काठ. कुठूनशी सुरंगीच्या फुलांच्या वळेसराचा वास येई आणि त्या वासानंच मळमळे. भाताची कामं केव्हाच आटपलेली, खळी रिकामी, माणसं रानात तोडीवर गेलेली. दिवसभर गावात म्हातारे, कोंबड्या आणि मी. आणि आबा.

माझे वडील आबा ह्यांना भुवया नव्हत्या. राळ उडवणाऱ्याला त्या राहत नाहीत. पापण्याही विरळ. त्यामुळं ते सदा नुकतेच झोपेतून उठल्यासारखे दिसत. उजव्या हाताची बोटं इतक्या वेळा भाजून बरी झालेली की त्यांची कातडी मेली होती, चुलीतला निखारा ते चिमटीनं उचलून विडी पेटवत. गावात ते फारसं बोलत नसत. पण शिमग्यात दिवटी हातात आली की ते उंच दिसायचे. मी लहानपणापासून हे पाहत आलो होतो, आणि शाळा शिकल्यावर मला त्याची थोडी लाजही वाटत होती. खानापुरात मला कुणी विचारलं की वडील काय करतात, तर मी शेती सांगे.

आठ-पंधरा दिवसांनी मी उठून बसायला लागलो तेव्हा आबांनी माझ्यापुढं दगडी खल आणून ठेवला. "बसून ऱ्हाऊन ताप वाढतो. कूट," म्हणाले. अशी माझी सुरुवात झाली. त्याला शिकवणं म्हणवत नाही. आबा एक वाक्य बोलत आणि मग अर्धा दिवस काही बोलत नसत.

राळ म्हणजे धुपाच्या झाडाचा डिंक. खोडाला खाच पाडून ठेवायची, पुढच्या वर्षी तिथं काचेसारखे पिवळट खडे धरलेले असतात. ताजी राळ चालत नाही, ती चिकटते. दोन उन्हाळे पाहिलेली लागते. आणि ती कुटायची भल्या पहाटे, दात वाजत असताना, कारण ऊन चढलं की ती खलाला धरते आणि पूड होण्याऐवजी तिचं मेण होतं. मी घोंगडी पांघरून कुटत बसे. बत्ता पाच-पंचवीस वेळा उचलला की दम लागे. नाकात, घशात, तोंडात धुपाचा वास. कुटलेली राळ मग मलमलीच्या फडक्यातून गाळायची. वस्त्रगाळ. आबा त्यातली चिमूट खालच्या ओठावर घासून बघत, कारण बोटांना काही कळत नव्हतं. कण लागला की सगळी परत खलात. पहिल्या आठवड्यात माझी एकही खेप त्यांच्या ओठाला पास झाली नाही. मी मुलांच्या पाट्या तपासणारा मास्तर, आणि इथं माझी पाटी रोज पुसली जात होती.

उडवायला त्यांनी मला भर दुपारी शिकवलं. ह्याचं मला नवल वाटलं. खळ्यात रणरणतं ऊन, आणि त्यात पेटलेली दिवटी. उन्हात ज्योत दिसतच नाही, नुसती हवा थरथरते. मी म्हणालो, "आबा, दिसत नाही." तर म्हणाले, "म्हणूनच. डोळ्याला जाळ दिसला की हात भितो. आधी हाताला शिकू दे." मग एकेक सांगत गेले. वारा पाठीला हवा. मूठ खालून वर, आपल्यापासून लांब, आणि मनगट शेवटी उघडायचं, आधी नाही. उडवताना श्वास सोडायचा, ओढायचा कधीच नाही. ओढला तर जाळ आत. आणि कान द्यायचा. "चांगली राळ भस्स करती," ते म्हणाले. "चट चट वाजली तर समज भरड हाय. भरडीला जाळ धरत न्हाई, लहान ऱ्हातो." एवढंच बोलले. पुढचं त्यांना सांगावंसं वाटलं नसणार, कारण भरड राळ कुणी मुद्दाम उडवील हे त्यांच्या डोक्यात कशाला येईल? आमच्या घरात तीन पिढ्या ते कुणाच्या आलं नव्हतं.

माझी पहिली मूठ माझ्याच पायांवर पडली. दुसरी वाऱ्यानं नेली. तिसऱ्या दिवशी एकदा नीट भस्स झालं, कपाळाला झळ लागली, केस जळल्याचा वास आला, आणि आबा हसले. मला त्यांचं हसू तेवढ्यासाठी आठवतं. मी तेवीस वर्षांचा घोडा, पण त्या हसण्यासाठी मी दुसऱ्या दिवशी ताप असताना उठलो होतो.

डोळ्यांचं माझ्या लक्षात आलं ते त्याच दिवसांत. आधी वाटलं वय झालं. पाणी तांब्यात ओततायत आणि धार शेजारी जमिनीवर. नागेश वाटेनं येतोय तर हाक मारेपर्यंत ओळख नाही. एकदा मी खुंटीवरची पिशवी काढून दुसऱ्या खुंटीला लावली, तर ते पहिल्या खुंटीपाशी हात फिरवत उभे. जवळ जाऊन पाहिलं तर बाहुल्या ताकासारख्या पांढऱ्या. मी म्हणालो, "आबा, तुम्हाला दिसत नाही." त्यांनी खुंटीवरून हात काढला. मग म्हणाले, "दिव्याभवतीनं कडं दिसतंय. बाकी अडचण न्हाई. औंदाचा शिमगा हूं दे बाळा, मग बघू. कुणाला बोलू नगंस."

कुणाला म्हणजे गावकराला. गावाचा मुख्य तो, मांड त्याच्या हुकमातला. त्याला कळलं असतं तर दिवटी त्याच दिवशी दुसऱ्या घरी गेली असती, आणि ती गेली की परत येत नाही. मी हो म्हणालो. पण माझा जीव टांगणीला लागला. नागेशच्या तोंडावर लाकूड, डोक्यावर सुका ताग, आणि समोर मूठभर राळ घेऊन न दिसणारा माणूस. आबांनी अंदाज एक हात चुकवला तर काय होईल हे मला पडल्या पडल्या दिसायचं. सांगावं तर बापाची आयुष्यभराची अब्रू जाते, न सांगावं तर भावाचा जीव. तापातल्या डोक्यानं मी हेच उलटसुलट करत राहिलो.

मग मला वाटलं, मला वाट सापडली. भरड राळेला जाळ लहान, हे आबांनीच सांगितलं होतं. जाळ लहान तर धोका लहान. दिवटी आबांच्या हातात राहील, राकेस नेहमीसारखा बाहेर येईल, फक्त जाळ कंबरेएवढा उठेल. लोक म्हणतील औंदा राळ सादळली. त्यात कुणाचं काय जातं? मी स्वतःवर खूश झालो होतो. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं आहे, शिकलेला मुलगा घरात असल्याचा काहीतरी उपयोग झाला असंच मला वाटलं होतं.

शिमग्याच्या दिवशीची राळ मी मलमलीतून गाळली नाही. पिठाच्या चाळणीनं चाळली. बारीक रव्याएवढा कण राहिला. वर चार मुठी वस्त्रगाळ पसरली, ओठावर घासली तर कळू नये म्हणून.

आणि आबांनी ती ओठावर घासलीच नाही. दिवस मावळताना मांडावर सगळे जमलेले, गावकर म्हणाला, "बघून घे गा राळ." तर आबांनी झोळी काखेत मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माज्या पोरानं चाळलीया." एवढ्या लोकांत त्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. मी ओट्याच्या कडेला घोंगडी लपेटून बसलो होतो. त्याच क्षणी उठून ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय सांगणार होतो?

पहिली मूठ देवाची असते. ती मोकळ्या आभाळाकडे उडवतात. आबांनी हात झोळीत घातला तो खालपर्यंत. वर पसरलेली पूड बाजूला सरली आणि मूठ भरली ती भरडीनं. जाळ उठला तो खरंच लहान, आणि त्यात चट चट वाजलं. ढोलांच्या गजरात ते कुणाला ऐकू गेलं नसेल. मी ऐकलं. त्या चटचटीनंतर बारीक ठिणग्या खाली आल्या त्या विझता विझेनात, जमिनीवर पडून जळत राहिल्या. बारीक राळ हवेतल्या हवेत जळून संपते. भरड कण मात्र पेटतो आणि वितळतो, पेटलेल्या थेंबासारखा खाली पडतो, आणि जिथं पडतो तिथं चिकटतो. मला हे जमिनीवर दिसलं आणि कळलं. मधे वेळ होता. नागेशचे चाळ वाजत येत होते, एक अख्खं आवर्तन बाकी होतं. मी उठलो नाही. ताप म्हणा, काही म्हणा. मी उठलो नाही.

दुसरी मूठ उडाली, राकेस आला, आणि त्याची आयाळ पेटली. लोकांना आधी वाटलं हा नवा खेळ. बायका हसल्या. मग नागेश मुखवट्याच्या आत ओरडला. लाकडाच्या आतून आलेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ओली पोती टाकली, आयाळ ओढून काढली, कुणीतरी शेणकाला आणला. जीव वाचला. डावा कान गेला, मान आणि खांदा भाजला. आबा दिवटी धरून तसेच उभे होते आणि विचारत होते, "काय झालं? काय झालं रं?" त्यांना दिसत नव्हतं.

तिथंच सगळ्यांना कळलं की आबांना दिसत नाही. मग दुसरं कारण शोधायची गरज कुणालाच उरली नाही. आबांनी दिवटी गावकराच्या पायापाशी ठेवली आणि म्हणाले, "माजा हात चुकला." झोळीतली उरलेली राळ कुणीतरी होळीत ओतली. मी घोंगडीत तोंड घातलं.

सांगायला मला पुष्कळ वेळ मिळाला. दुसरा दिवस मिळाला, तो अख्खा महिना मिळाला. आबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. सुट्टीला घरी आलो की ते मला खळ्यात नेत. हातात राळ नसे, चुलीतली राख असे. दुपारच्या उन्हात उभे राहून ते रिकामी दिवटी धरत, राखेची मूठ खालून वर उडवत, मनगट उघडत आणि मला विचारत, "बघ रं बाळा, हात खाली पडतोय काय?" चूक कुठं झाली ते त्यांना शोधायचं होतं. हात तसूभर खाली पडत नव्हता. शेवटच्या वर्षी सुद्धा पडत नव्हता. आणि मी म्हणत असे, "थोडा पडतो." पहिल्यांदा घाबरून म्हणालो. मग तेच म्हणत राहिलो, कारण आधी म्हणालो होतो. ते मान हलवत आणि पुन्हा राख उडवत. केस, पंचा, सगळं राखेनं पांढरं व्हायचं. ह्या दोन शब्दांसाठी मला क्षमा नसावी असं मला वाटतं. राळेचं एकवेळ समजू शकतो.

गावानं त्यांना काही वाईट वागवलं नाही. पण गाव बोलतं. मांडावर कुणाचा ठेका चुकला तर लोक म्हणायला लागले, "आबाचा हात पडला!" पुढं ते मांडापुरतं राहिलं नाही. दूध उतू गेलं, आबाचा हात पडला. बैल भलत्या वाटेला लागला, आबाचा हात पडला. आता अशी माणसं ते म्हणतात ज्यांनी आबांना पाहिलेलंही नाही. माझ्या नातीनं परवा कंदिलाची काच फोडली आणि टाळ्या पिटून तेच म्हणाली. मी तिला रागावलो. ती रडली, आणि तिला का रागावलो ते घरात कुणालाच कळलं नाही.

परवा तिसऱ्या प्रहरी नागेशदादा आला. आता काठी टेकत येतो. डाव्या बाजूनं बोललेलं त्याला ऐकू येत नाही, म्हणून मी उजवीकडे सरकलो. तो तांब्याभर पाणी प्याला आणि त्यानं सरळ विषयाला हात घातला.

"औंदा राळ न्हाई म्हणत्यात मांडावर. वरच्या वाडीचा त्यो राळवाला बाजारकुणंगला लेकीकडं गेला ऱ्हायाला. दुसऱ्या कुणाला येत न्हाई. तुला येती."

"मला कुठली येते? महिनाभर कुटली नुसती."

"कुटली म्हंजी अर्धी आली. दोघं गडी बघून ठेवल्यात, चांगलं जाणतं हाईत. तू नुसतं बसून सांग. आबानं तुला सांगितलंय तेवढं सांग."

मी म्हणालो, अंगात बळ नाही. तो म्हणाला, बसून सांगायला बळ कशाला लागतं. अंगणात पानं पडत होती. दादानं काठी मांडीवर आडवी घेतली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"एक सांगू मास्तर? आबा आंधळा हाय हे मला ठावं होतं. आदीच्या दोन शिमग्यापास्नं. त्यो डोळ्यानं टाकतच न्हवता. माज्या पायातल्या चाळावर टाकायचा. मी तीनदा उजवा पाय आपटायचा आन् तितंच खुट्टीगत उभं ऱ्हायाचं, मग त्येनं मूठ सोडायची. रानात जाऊन आमी दोघांनी बशिवलेलं. कवाच चुकलं न्हाई."

"मला नाही सांगितलंत."

"त्योच नगं म्हनला. म्हनला, मास्तर हाय, खोटं बोलाय यायाचं न्हाई त्येला. गावकरानं इचारलं तर खरं सांगून टाकंल." दादानं काठीची मूठ चोळली. "त्या वक्ताला मी पाय आपटला आन् एक पाऊल फुडं सरलो असंन. आबाचा हात चुकायचा न्हाई. माजा पाय चुकला. त्येनं आपल्या अंगावर घेतलं आन् मी गप ऱ्हायलो. भाजलेल्या माणसाला कोण इचारतंय? पर आत सलतंय बघ अजून."

एवढी वर्षं हा माणूस जळका कान घेऊन हिंडला आणि वर दोष स्वतःचा समजत राहिला. मी सांगून टाकलं. पिठाची चाळण, वर पसरलेली पूड, पहिल्या मुठीची चटचट, उठलो नाही ते. राख आणि 'थोडा पडतो' हेही सांगितलं. दादाचा हात कानाच्या जागी गेला आणि तिथंच राहिला. तो रागावेल, शिव्या देईल, निदान काठी आपटेल अशी मी वाट पाहत होतो. खरं तर मला ते हवं होतं.

त्यानं विचारलं, "आबाला सांगितलंस?"

"नाही."

"जाताना तरी?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस गा?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. काठी टेकून तो उठला, वहाणा शोधल्या, आणि पायरीवर थांबून म्हणाला, "उद्या दिवस हाय तवर मांडावर ये. समदी असत्यात."

मी गेलो. उन्हं कलली होती, माणसं ढोलांच्या वाखाच्या दोऱ्या ताणत बसली होती, ते दोघे जाणते गडी राळ शिकायला खल घेऊन आले होते. गावकर आता जुन्या गावकराचा मुलगा आहे, मी पुढं इथल्या शाळेवर आलो तेव्हा माझ्याच हाताखाली पहिली-दुसरी शिकलेला. मी बसलो नाही. वर्गात उभा राहत असे तसा उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं, की आबांचा हात चुकला नव्हता, नागेशदादाचा पाय चुकला नव्हता, राळ मी भरड ठेवली होती. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ढोल ताणणारे हात थांबले. दादा खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता.

गावकरानं विचारलं, "मास्तर, मग तुमी तवा का न्हाई बोललासा?"

ह्या प्रश्नाची उत्तरं माझ्याकडे तयार होती. ताप होता, कोयनेलनं डोकं ठिकाणावर नव्हतं, घराचा मान राखायचा होता, जे झालं ते आबांच्या भल्यासाठीच केलं होतं. एवढी वर्षं मी ती घासूनपुसून ठेवली होती.

"भ्यालो," मी म्हणालो.